पिवळ्या पट्टीचं बंद मशीन भंगारात न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
क्रीडा वैद्यक विभाग,
क्रीडा प्रशिक्षण केंद्र
(ट्रॅकच्या मागची इमारत, पहिला मजला).

विषय : प्रकाशोपचाराचं पिवळ्या चिकटपट्टीचं मशीन, जे लागत नाही, ते दुरुस्त न करता आणि भंगारात न काढता, आहे त्याच स्थितीत रिले संघाला रविवारपर्यंत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आमचा याआधीचा अर्ज, जो मंजूर झाला आणि तिथेच घात झाला.
२) स्टोअरकीपर काकांनी खिडकीतून दिलेलं तोंडी उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आम्ही चौघी केंद्राच्या रिले संघात पळतो आणि त्यातल्या तिघी हा अर्ज करत आहोत. आमची नावं हजेरीत आहेत, पण सगळं केंद्र आम्हाला पळण्याच्या क्रमानेच ओळखतं, म्हणून इथेही तसंच लिहिलंय. पहिली फटाकडी, कारण पिस्तूल वाजायच्या आधीच ती सुटते. दुसरी शंकासुर, तिला पाणी दिलं तरी ती आधी ग्लास उजेडात धरून बघते. तिसरीला शेपूट म्हणतात, कारण ती सतत ताईच्या मागे असते. अक्षर तिचं बरं आहे म्हणून हा अर्ज तिने लिहिलाय. आणि चौथी म्हणजे ताई. ताईला यातलं काहीही माहीत नाही आणि कळू नये, ही आमची पहिली विनंती. बाकीच्या खाली येतीलच.

१. आपल्याला आठवत असेल, गेल्या मोसमात ताईच्या मांडीच्या मागचा स्नायू फाटला होता. पळता पळता एकदम कुणी मागून दगड मारल्यासारखी ती थांबली आणि खरंच वळून बघायला लागली, कुणी मारला म्हणून. बरी झाली, परत आली, पण पाय काही पहिल्यासारखा होईना. वयाने ती आमच्यात सगळ्यात मोठी. आमचे प्रशिक्षक सर तिला समजुतीच्या सुरात म्हणाले की ताई, घरचे काय म्हणतात तेही बघा आता. घरी म्हणजे भावाची लाँड्री. वहिनीने निरोप धाडला होता की या एकदाच्या, कॉलरींना इस्त्री मारायला भरवशाचं माणूस हवंच आहे. ताईने तो निरोप आम्हाला हसत हसत वाचून दाखवला आणि मग बराच वेळ बुटांच्या नाड्याच सारख्या करत बसली. केंद्राचा नियम आपल्याला माहीतच आहे. संघात नाही त्याला वसतिगृहात खाट नाही.

२. अशात आपल्या विभागातल्या डॉक्टर मॅडम प्रकाशोपचाराचा प्रयोग घेऊन आल्या. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा असा काही प्रकाश व्यायामाच्या आधी स्नायूवर सोडायचा, मग स्नायू उशिरा थकतो आणि लवकर सावरतो का, ते त्यांना बघायचं होतं. ते पण आमच्यासारख्या रोज पळणाऱ्यांवर, कारण ज्याने कधी काही केलंच नाही त्याला कशानेही फरक पडतो, असं त्या म्हणाल्या. दिव्यांचे पट्टे दोन्ही मांड्यांना गुंडाळायचे, काळे चष्मे लावायचे आणि मशीन शिट्टी देईपर्यंत बाकावर गप्प पडायचं. काही मशीनना निळी चिकटपट्टी, काहींना पिवळी. ताईला पिवळं आलं, शंकासुराला निळं. फटाकडी आणि शेपूट प्रयोगात नव्हत्याच, त्या नुसत्या दारात उभ्या राहून हसायच्या.

३. शंकासुर पहिल्याच दिवशी म्हणाली, मांड्यांना सूर्यस्नान घालून कुणी जिंकलेलं ऐकिवात नाही. ताईने मात्र तो पट्टा असा काही मनावर घेतला की विचारू नका. लहान बाळाचं दुपटं नीट करावं तसा ती तो मांडीवर बसवायची. पडल्या पडल्या म्हणायची, आत काहीतरी उकलतंय गं, गाठ सुटल्यासारखं. आणि महोदय, खरंच फरक पडला. जोरदार सरावाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या वसतिगृहाचा जिना कठड्याला धरून, खेकड्यासारख्या आडव्या उतरतो. ताई सरळ उतरायला लागली. नंतर नंतर तर हातात चहाचा कप घेऊन उतरायची, आणि खाली आल्यावर आमच्याकडे बघून, काय म्हाताऱ्यांनो, असं म्हणायची.

४. इथे एक गोष्ट सांगणं जरूर आहे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या शर्यतीत बॅटन घेणारी मागे वळून बघत नाही. मागचीचा पाय ट्रॅकवरच्या खुणेवर पडला की पुढची सुसाट सुटते, मागचीने 'घे' म्हटलं की पळता पळताच हात मागे करते, आणि त्या हातात बॅटन येणार हे धरूनच चालते. बघायला वळलं की वेग मोडला, संपलं. ताईला बॅटन देते ती शेपूट. ताईचा हात मागे यायचा तो असा स्थिर की जणू भिंतीतली खुंटी, तिला फक्त अडकवायचं. प्रयोगाच्या शेवटाला जी सराव शर्यत झाली त्यात ताई आयुष्यात पळाली नव्हती इतकी पळाली. सरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, आणि ते काट्याचं नव्हतंच. घरचा विषय त्यांनी परत काढला नाही.

५. मग प्रयोग संपल्याचा चहा झाला. मॅडमनी सगळ्यांचे आभार मानले आणि मोकळेपणाने सांगून टाकलं की निळ्या पट्टीची मशीन चालू होती, पिवळ्या पट्टीच्या मशीनमध्ये दिवे लागतच नव्हते, नुसती शिट्टी वाजायची. तुलना करायची तर तसं करावंच लागतं, आणि कुणाचं बंद ते तुम्हाला आधी सांगितलं असतं तर उपयोग काय, असं त्या म्हणाल्या. एकूण फरक फारसा दिसला नाही, रोज पळणाऱ्यांच्यात तो कधी दिसतो कधी नाही, किती प्रकाश आणि कधी द्यायचा यावर पुष्कळ अवलंबून असतं, हेही त्यांनी सांगितलं. मॅडमची यात काही चूक नाही, हे आम्ही लिहून देतो. काही मशीन बंद असतील, अशी लेखी संमती त्यांनी सगळ्यांकडून आधीच घेतली होती. फक्त माणूस सही करताना बंद मशीन दुसऱ्या कुणाला तरी येणार असंच धरून चालतो.

सगळे हसले. शंकासुर म्हणाली, मला खरा लावून तरी कुठे उजेड पडला? सगळ्यात जास्त ताई हसली. "म्हणजे मी आपली उगाचच पळाले की," असं म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवून तसंच धरून बसली. ते तुटून कपात पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं. शेपटीने बघितलं, बाकी कुणी नाही.

६. तेव्हापासून ताई जिना आडवी उतरते. पाय तेच, सराव तोच, झोप तीच, जेवणही तेच. मॅडमनी तपासलं, स्नायूत दोष नाही म्हणाल्या. फटाकडीने तिला समजावलं की अगं, मशीन बंद होतं म्हणजे सगळं तुझंच होतं ना, हे तर चांगलंच झालं. ताई म्हणाली, हो गं, कळतंय मला. पण कळून पाय हलतात होय? सगळ्यात वाईट म्हणजे ती वळून बघायला लागली. शेपूट 'घे' म्हणते, हात मागे येतो आणि हाताबरोबर मानही. एकदा बॅटन पडली. सर म्हणाले, ताई, हात मागे, डोळे पुढे. ताई म्हणाली, "सर, डोळे ऐकत नाहीत." दुसऱ्या दिवशी राखीव मुलीला सरांनी बूट घालून यायला सांगितलं.

७. म्हणून आम्ही आपल्याकडे संदर्भ १ चा अर्ज केला की ताईला मशीन मिळावं, आणि आपण तो तातडीने मंजूर केलात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण आपण चालू मशीन दिलंत. ताईने पट्टे गुंडाळले, डोळे मिटले, जरा वेळाने उघडले आणि म्हणाली, हे गरम लागतंय, माझं असं नव्हतं. त्या दिवशी ती आणखी जड पळाली. आता खरा प्रकाशही तिला खोटा वाटतो आणि खोटा तर खोटाच आहे. आम्ही चुकलो. अर्जात नुसतं मशीन लिहिलं, बंद असं लिहायला हवं होतं, पण बंद मशीन कोण मागेल असं आम्हालाच वाटलं.

८. मग आम्ही स्टोअरच्या खिडकीशी गेलो. काका म्हणाले, चालू मशीन हवं तर मॅडमची चिठ्ठी आणा. आम्ही म्हटलं, बंद हवंय. ते म्हणाले, बंद म्हणजे नादुरुस्त, नादुरुस्त वस्तू खेळाडूला देता येत नाही. शंकासुर म्हणाली, ते नादुरुस्त नाही, ते मुद्दाम बंद आहे. काका म्हणाले, मग ते चालू करून देतो, वायरच तर जोडायचीय. आम्ही तिघी एकदम नको म्हणालो. काकांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं आणि सांगितलं की पोरींनो, पिवळ्या पट्टीची सगळी मशीन भंगारात निघालीत, या आठवड्यात गाडी येणार, तुम्ही जाऊन झोपा. आम्ही खिडकीतून बघितलं. ताईचं मशीन टेबलाखाली, मोडक्या खुर्चीवर, पट्टे गुंडाळलेले. तिनेच गुंडाळलेले. तशी घडी तिच्याशिवाय कुणी घालत नाही.

९. पुढचं लिहू नये असं फटाकडीचं मत होतं, पण लपवून अर्ज करणं बरं नाही. परवा शेपूट ताईशी खोटं बोलली. म्हणाली, ताई, घोळ झाला होता, पट्ट्यांची अदलाबदल झाली, पिवळीच मशीन चालू होती, मॅडमनीच सांगितलं. ताई मोजे वाळत घालत होती. तिने शेपटीकडे नुसतं बघितलं.

"मॅडमनी सांगितलं?"

"हो."

"बरं," ताई म्हणाली, आणि उरलेला मोजा दोरीवर टाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं झालं बाई."

काल सकाळी ताई जिना सरळ उतरली. कठडा धरला नाही. हातात कपही होता. शेपूट खाली उभी होती म्हणून तिला दिसलं की चहा बशीत सांडतोय आणि ताईने खालचा ओठ दातात धरलाय. सरावाला शेपूट जीव तोडून पळाली, 'घे' म्हणाली, हात मागे आला, मान वळली नाही. बॅटन हातात बसली. आम्हाला वाटलं, जमलं. फटाकडी तर लांबूनच नाचायला लागली. पण ताई वळणावरच लेन सोडून शेजारच्या लेनमध्ये गेली, तिथून गवतात, आणि थांबली. शेपूट धावत जवळ गेली तेव्हा कळलं की तिने डोळे मिटून घेतले होते. वळून बघायचं नाही म्हणून मिटले होते, आणि मिटूनच पळत होती.

"तुझ्यासाठी बघितलं गं करून," ती म्हणाली. "नाही जमत."

१०. तरी आपणांस नम्र विनंती की :

(अ) पिवळ्या पट्टीचं ते मशीन भंगाराच्या गाडीत जाऊ देऊ नये. मोडक्या खुर्चीवरचं, नीट घडीचे पट्टे असलेलं. सोबत चिकटपट्टीचा तुकडा जोडला आहे, रंगावरून ओळख पटेल.

(आ) ते दुरुस्त करू नये. वायर जोडू नये.

(इ) अदलाबदल झाली होती, असं आपल्या विभागातल्या कुणीतरी, शिपाई काकांनी का होईना, ताई जवळून जात असताना सहज बोलल्यासारखं बोलावं. ते खरं नाही हे आम्हाला माहीत आहे, ताईलाही माहीत आहे. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर निदान रविवारच्या निवड चाचणीपुरतं काही होतं का ते बघावं. शंकासुर म्हणते, काही होणार नाही. पण सही तिनेही केली आहे.

(ई) यातलं काहीच नियमात बसत नसेल, आणि आम्हाला वाटतं की बसणार नाही, तर आम्हाला तसं कळवू नये. नाही म्हणू नये. अर्ज टेबलावर असू द्यावा. कुणी विचारलं तर विचार चालू आहे एवढंच सांगावं. रविवारी शेपूट ताईला पट्ट्याशिवाय बॅटन द्यायला जाईल तेव्हा तिला एवढंच धरून चालायचंय की वरच्या मजल्यावर अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. आपण कळवलंत तर तीही वळून बघायला लागेल.

ताईने काल संध्याकाळी ट्रंक पुसून काढली. उन्हात ठेवली होती, वास जायला, असं म्हणाली. आम्ही विचारलं नाही.

आपल्या उत्तराची वाट न बघणाऱ्या, नम्र,

पहिली (सही)
दुसरी (सही)
तिसरी (सही)
चौथी : सही घेतलेली नाही.

दिनांक : निवड चाचणीच्या आधीचा सोमवार

सोबत : पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा, एक. (ताईच्या उशीखाली सापडला. काम झाल्यावर परत मिळावा, तिला कळायच्या आत तिथेच ठेवायचा आहे.)