सायंकाळच्या स्थानिक बातम्या यापुढे कोणी वाचाव्यात

मी, दत्ताराम शिवराम रेवाळे, वय वर्षे ७४, निवृत्त रेडिओ वार्ताहर, राहणार भाईंदर (पश्चिम), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आवाज बसला आहे, डोके नाही.

१. राहता फ्लॅट मुलगा नीरज व सून संजना यांना समान हिश्शाने मिळावा. बँकेतील ठेव नात स्वप्नालीच्या शिक्षणासाठी आहे. त्यावरून वाद नको.

२. माझा ट्रान्झिस्टर, नव्या सेलसह, आमच्या केंद्राचे माजी अधिकारी गुणवंत टिपरे यांना द्यावा. मध्यम लहरींवरच्या त्या केंद्रात आमचा स्थानिक वृत्तविभाग होता. तो बंद करण्याचा हुकूम कधी निघालाच नाही. एकेक माणूस निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही, एवढेच. शेवटी मी एकटा उरलो, तेव्हा हेच टिपरेसाहेब म्हणाले, "रेवाळे, लोकल बातम्या आता कोण ऐकतंय? मोबाईल आहे ना." आता तिथे बाहेरून आलेले बातमीपत्र लागते. ते त्यांनी रोज ऐकावे आणि त्यात आमच्या भागातले पाली, काशीगाव, घोडबंदर कुठे सापडते का पाहावे. माझा राग गेलेला नाही, तो मी सोबत नेत आहे.

३. निवृत्तीनंतरही किनाऱ्यावरच्या पालीहून लोकांचे फोन येतच राहिले, म्हणून मी मोबाईलच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी बातम्या वाचू लागलो. नियम विभागातलाच. बोटीची किंवा मरणाची बातमी असेल तर एक माणूस घरचा आणि एक बंदरावरचा, दोघांना विचारल्याशिवाय वाचायची नाही. हे काम कोणाकडे जावे, यासाठीच खरे तर हा कागद आहे.

४. सगळे नीरजचे नाव धरून चालले आहेत. त्याचा आवाज माझ्याहून चांगला आहे, हे मलाही मान्य आहे. पण गेल्या वर्षी मी इस्पितळात असताना, पालीच्या फिलोमिनाबाईंच्या मुलाची बोट बुडाल्याचा फॉरवर्ड त्याने तसाच वाचून टाकला. त्यांच्या घरी मेणबत्त्या लागल्या, रडारड सुरू झाली. बोट इंजिन बिघडून नायगावच्या धक्क्याला लागली होती. नीरज म्हणाला, "पप्पा, डिलीट केलं ना लगेच." संजना मात्र स्कूटर काढून पालीला गेली, माफी मागितली आणि मुलगा दारात दिसेपर्यंत त्या माऊलीजवळ बसून राहिली. पुढे फिलोमिनाबाई मला म्हणाल्या, "तुमी आदी इचारता. तुमचा पोरगा इचारीत न्हाय." ऐकून मला फार लाज वाटली.

५. म्हणून माइक, रेकॉर्डर आणि ग्रुप संजनाकडे जावेत. तिचा आवाज घोगरा आहे, वाचतेही घाईघाईने. चालेल. नीरज, माझी माया कमी झालेली नाही. बातमी विचारून घ्यायला तू तिला फोन लावून देत जा.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून फिलोमिनाबाईंच्या नावे काही ठेवलेले नाही. त्यांची हरकत नाही. सुके बोंबील आजवर त्याच देत आल्या आहेत.

७. माझ्या मरणाची बातमी संजनाने वाचावी. आधी बोटी, मग वारा, मग पाणीपुरवठा आणि मी शेवटी. विचारण्याचा नियम मलाही लागू आहे, फक्त मी बंदरावरचा नाही, घरचा एक पुरे. घरचा माणूस म्हणून तिने नीरजला विचारावे, आणि त्याने माझ्याजवळ येऊन, हात हातात घेऊन, स्वतः खात्री करून मगच सांगावे.

हे सर्व मी स्वतः, बसलेल्या आवाजात का होईना, वाचून दाखवले आणि साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) दत्ताराम शिवराम रेवाळे

साक्षीदार:
(सही) फिलोमिना इनास बगाजी, पाली
(सही) जितेंद्र शाह, शेजारी

भाईंदर, दि. ९ नोव्हेंबर २०२५