सारवण दारापासून की देव्हाऱ्यापासून

श्रावण शुद्ध एकादशी, मंगळवार
शुक्रवार पेठ, पुणे

चिरंजीव दिगूस आक्काचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं खुशाल आहे, गुडघे तेवढे सोडून. ते कधीच माझ्या आज्ञेत नव्हते. तिकडे वारज्यात तू, सुनीती आणि गोठ्यातली ढवळी खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण तू आपणहून कळवशील ही आशा मी तुझ्या मुंजीतच सोडली. सुनीतीने पाठवलेले सांडगे पोचले, तिचा हात चांगला आहे, तुझ्या वाट्याला फुकट गेला. तुझी कंबर कशी आहे? (पंतोजींनी ओणवं उभं केलं तेव्हापासून धरलीय तीच ना?) आज उपास आहे, तोंडाला काम नाही, म्हणून हाताला दिलंय. पत्र लांबेल. सावकाश वाच. तू गावचा कुलकर्णी म्हणजे तुला अक्षरं येतात असं वारजेकर समजतात. तुझी धूळपाटी कोण लिहून द्यायचं हे मला ठाऊक आहे आणि तुला. मी कुणाला सांगत नाही. अजून तरी नाही.

तर लिहायचं कारण असं, की झाडलोटीला म्हणून तू माझ्याकडे जी सरुबाई पाठवलीस, तिला मी काल कामावरून काढून टाकलं. दचकू नकोस. बाई वाईट नाही, चोर नाही, आळशी तर मुळीच नाही. पण मोलाने ठेवलेल्या बाईला घरधनिणीपेक्षा जास्त मतं असली की घरात दोन घरधनिणी होतात, आणि माझं घर मुळात दोन खणांचं. गेल्या चैत्रात आली ती पहिल्याच दिवशी तांब्याचा हंडा राखेने घासून पालथा घालून मोकळी झाली. मी म्हटलं, चिंच लाव गं, त्यात तोंड दिसलं पाहिजे. तर म्हणाली, "आक्का, हंडा पाण्यासाठी असतोय, त्वांड बघायला न्हाई." (माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली.) कोपऱ्यातली जळमटं काढ म्हटलं तर सगळी काढली आणि एक ठेवलं. विचारलं तर म्हणे, तो कोळी माशा धरतो, त्याला घालवला तर माशा तुम्ही धरणार का? केरसुणी मी आडवी ठेवली की ती उभी करायची, तिने उभी केली की मी आडवी करायची, आणि त्या केरसुणीने चार महिन्यांत जेवढी उठबस केली तेवढी तू गायत्री म्हणताना केली नाहीस. एवढं सगळं मी सोसलं. स्वभावच सोसायचा माझा. (हसू नकोस. सुनीतीलाही हसू देऊ नकोस.)

पण सारवणाची गोष्ट वेगळी. तुला आठवत असेल, आपल्याकडे माजघर सारवायचं ते उंबऱ्यापासून आत, देव्हाऱ्याकडे. लक्ष्मी दारातून आत येते म्हणून हातही दारातून आत. आई अशीच सारवायची. सरू मात्र देव्हाऱ्याच्या कोपऱ्यापासून सुरू करायची आणि मागे मागे सरकत उंबऱ्याबाहेर यायची. हे म्हणजे लक्ष्मीला हाताने धरून रस्त्यावर काढण्यातला प्रकार! चार महिने मी रोज सांगितलं आणि चार महिने तिने रोज "व्हय आक्का" म्हटलं आणि रोज आपल्यासारखंच केलं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी म्हटलं पुरे. शेणाची पाटी ओढून घेतली, आलवण वर खोचलं, आणि तिला सांगितलं, तू उंबऱ्याबाहेर बस आणि डोळ्यांनी शीक. बसली. हनुवटीखाली हात घेऊन. मी दारापासून सुरुवात केली. दिगू, काय सारवलं मी! एकेक हात चंद्रकोरीसारखा. या वयात, या गुडघ्यांनी. श्रीमंतांच्या वाड्यात बोलावणं यावं असं सारवण. शेवटचा हात देव्हाऱ्याखाली फिरवला आणि कंबर सरळ करून मोठ्या तोऱ्याने वळले.

तेव्हा मला कळलं की मी देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात आहे, दार तिकडे आहे, आणि मधे सगळं ओलं आहे.

सरूची हनुवटी अजून हातावरच. मी तिच्याकडे बघते, ती माझ्याकडे बघते. शेवटी म्हणाली, "लक्ष्मी आत आली, आक्का. आता तुमी भाईर कशा येनार?" (आई कशी यायची बाहेर? तू विचारशीलच. मी त्या कोपऱ्यात उभी राहून हाच विचार करत होते, आणि मला आठवलं की आपल्या घरी देव्हाऱ्याशेजारी परसाचं दार होतं. माझ्या घरी तिथे भिंत आहे.) मी म्हटलं, मी काही अडकले नाही, देवापाशी उभी आहे, वाळलं की येईन. श्रावणातलं सारवण ते, सांजेपर्यंत वाळायची लक्षणं नव्हती. मी एक स्तोत्र म्हटलं. दुसरं म्हटलं. तिसरं येत नव्हतं. तेवढ्यात चुलीवरच्या भाताचा करपल्याचा वास सुटला, आणि त्याच घटकेला शेजारच्या मुक्ताबाईची "आहे का विरजण?" अशी हाक तिच्या अंगणातून आली. मुक्ताबाई तुला माहीत आहे. मला अशी कोपऱ्यात उभी पाहती तर पुढल्या श्रावणापर्यंत तिला पेठेत दुसरं बोलायला काही लागलं नसतं.

आता निघावं तर पाऊल उमटणार. आणि सरळ चालत बाहेर यावं तर पावलं देव्हाऱ्याकडून दाराकडे उमटणार, म्हणजे ऐन श्रावणात लक्ष्मी घर सोडून चालली. पण तुझी बहीण कच्च्या गुरूची चेली नाही. मी दाराकडे पाठ केली आणि उलट्या पावलांनी बाहेर आले! सात पावलं. बोटं देव्हाऱ्याकडे, टाच दाराकडे. तशीच पडवीतून स्वयंपाकघरात पळाले, भात उतरवला, परसात पाय धुतले. सरूला म्हटलं, शेण कालव, पुसून टाक भराभर. ती पाटी घेऊन मागे गेली, आणि पुढून मुक्ताबाई आत आली.

किंकाळी ऐकली मी. मला वाटलं विंचू चावला. धावत गेले तर ही उंबऱ्यात लोटांगण घातल्यासारखी पडलेली. म्हणे, आक्का, तुमच्या घरी लक्ष्मी आली! दारातून थेट देव्हाऱ्यात! बाहेर जाणारं पाऊल एक नाही! सांगायला मी तोंड उघडलं होतं रे, देवाशपथ. पण तिने माझं ऐकून घ्यायच्या आत चार घरं जागी केली. शुक्रवारी सकाळी सवाष्णींची रांग लागली. कुणी हळद वाहतेय, कुणी कुंकू, कुणी खण, कुणी नारळ. एकीने पावलं बोटाने मोजली आणि जरा मोठी वाटतात म्हणाली. मुक्ताबाईने तिला गप्प केलं, आई आहे ती, आईचं पाऊल मोठंच असतं. (डाव्या पायाची करंगळी वाकडी उमटलीय. चिंचेवर चढले असताना तू खालून फांदी ओढलीस, त्याची ती करंगळी. त्यावरही मुक्ताबाईचं उत्तर तयार: लक्ष्मी चंचल, धावताना मुरगळली असेल. तेव्हा दिगू, तू लक्ष्मीचा पाय मोडलेला माणूस आहेस, तुझ्या घरी पैसा का टिकत नाही ते आता समज.)

सोमवारपर्यंत चार दिवस झाले. हळदीत मुंग्या झाल्या, नारळाच्या पाण्याला वास सुटला, माजघराला केरसुणी लागली नाही. सरू रोज पाटी घेऊन उंबऱ्यात येते, आत बघते, चुकचुकते, परत जाते. काल म्हणाली, सारवते. मी म्हटलं, नाही. म्हणाली, घान हाय आक्का. मी म्हटलं, ती घाण नाही, लक्ष्मी आहे. त्यावर तिने माझ्या पायांकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, पायांकडे! असला उद्धटपणा मी चालवून घेत नाही. काढलं कामावरून. तर अशा रीतीने सारवणाचा वाद निकालात निघाला, माझ्या बाजूने निघाला, घर शांत झालं. केरसुणी आडवी आहे आणि आडवीच राहते.

पत्र सरूचा नवरा गेनबा याच्याजवळ देते. तो बाजारात भाजी विकून सांजच्याला वारज्याला परततो. ढवळीच्या पाठीवरून माझा हात फिरव, सुनीतीला आशीर्वाद, तुझ्या कमरेला एरंडेल.

तुझी आक्का

ता. क. सरूला मी काढलं नाही. ती गेली. "जिथं जमीन सारवू देत न्हाईत तिथं माजं काय काम," म्हणाली आणि घोंगडी उचलून चालती झाली. मी अंगणापर्यंत मागे गेले, पण हाक मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती. कालपासून घरात कुणी मला उलट बोललेलं नाही. घर फार मोठं वाटतं, दोन खणांचं.

ता. क. दुसरा. आणि तिला सारवू का दिलं नाही तेही लिहून टाकते, तू सोडून सांगू कुणाला. घरधनी कर्नाटकच्या स्वारीत कामी आल्याला बावीस वर्षं झाली. ह्याच मुक्ताबाईचा नवरा कामाला निघाला आणि मी समोर आले तर तो परत फिरतो, पाणी पितो, मग निघतो. आणि शुक्रवारी मी दाराआडून बघत होते, तर ती माझ्या पावलांवर कुंकू वाहत होती. माझ्या! हसू दाबता दाबता पोट दुखलं. आणि खोटं कशाला, मला आवडलंसुद्धा. म्हटलं, असू देत चार दिवस. पण आज सकाळी ती येऊन म्हणाली, येत्या शुक्रवारी मोठी ओटी भरायची आहे, आक्का, राग मानू नका, त्या दिवशी तुम्ही परसात बसा, लक्ष्मीवर सावली नको. म्हणजे माझ्याच पायांपाशी जायची मला बंदी. सरूने तेव्हा पायांकडे का पाहिलं ते मला आज कळलं. तिला कालच कळलं होतं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. सरूला गुरुवारच्या आत परत पाठव. मी पुसलं तर म्हणतील बोडकीने लक्ष्मी पुसली. सरूने पुसलं तर मी अंगणात उभी राहून तिला शिव्या देईन, ती मला दुप्पट देईल, आणि पेठेतलं कुणी संशय घेणार नाही, कारण रोज तेच ऐकतात. तिला सांग, ढवळीचं शेण आण म्हणून मी हट्ट करणार नाही, म्हशीचंही चालेल. कोळी राहील. आणि तिने देव्हाऱ्यापासून सुरू करावं, मागे मागे सरकत दाराबाहेर यावं, तिच्या पद्धतीने. मी उंबऱ्याबाहेर बसेन, हनुवटीखाली हात घेऊन, आणि वाळेपर्यंत आत पाऊल टाकणार नाही.

(हे शेवटचं वाक्य तिला वाचून दाखव. दोनदा. अडलास तर सुनीतीला विचार.)