ताम्हनातला मासा

८ जुलै २००१

बाबांनी मलेरियाच्या माणसांना काठी उगारून अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर हाकलले. विहिरीत गप्पी मासे सोडायला आली होती ती. "मासे डासांच्या अळ्या खातात, पाण्याला काही होत नाही," एवढेच ती सांगत होती. बाबा ओरडले, "ह्या विहिरीचं पाणी देवाला जातं. त्यात मासळी सोडू? घर बाटवायला निघालात!"

आत आई तीन पांघरुणांखाली कुडकुडत होती. यंदाचा हा तिसरा मलेरिया. डॉक्टर बाबांसमोरच म्हणाले होते, "प्लीहा वाढली आहे. आणखी एक ताप यांना झेपणार नाही." दहावीला तालुक्यात पहिली आलेली मी — तेव्हाही शब्द फुटला नाही, आजही नाही.

१० जुलै

अंगणातल्या करवंट्या पालथ्या घातल्या. पोफळीखाली गळून पडलेल्या, द्रोणासारख्या विऱ्यांतले पाणी सांडले, पिंपावर फडके बांधले. उरली विहीर. कळशी ओढून पाहिली, तर अळ्या वळवळत होत्या. आईचे मरण आम्हीच पोसतो आणि रोज सकाळी देवावर ओततो. एकेक अळी चिमटीत धरून चिरडावीशी वाटली.

१३ जुलै

हफीजाकडे गेले. कॉलेजात ती माझ्या बाकावर बसते. त्यांच्या विहिरीत मासे कधीपासूनच आहेत. तिने बरणी भरून दिली. "तळून खाऊ नको गो, बामणी!"

बाबा आंब्याच्या कलमांत होते. मी बरणी विहिरीत उपडी केली.

१७ जुलै

आईचा ताप उतरला. आज तिने पेज मागून घेतली.

२९ जुलै

पाठ टेकता येत नाही, म्हणून पालथी पडून लिहीत आहे.

सकाळी बाबांनी देवांवर पाणी घातले आणि ताम्हनात मासा पडला. नखाएवढा. उड्या मारत होता. बाबांनी तो फरशीवर काढला आणि अंगठ्याखाली चिरडला. ज्यांनी आयुष्यात अंडे फोडले नाही, त्यांनी!

मग केसांना धरून मला विहिरीवर नेले. रहाटाचा ओला दोर दुहेरी केला. "कुणी दिले? नाव सांग!" मी नाव सांगितले नाही. आई भिंत धरत धरत आली आणि मध्ये पडली. दोर तिच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. बाबा तरीही थांबले नाहीत. हात दुखला तेव्हा थांबले.

दुपारी त्यांनी ब्लीचिंग पावडरीचे पोते विहिरीत रिकामे केले.

३० जुलै

मासे पोट वर करून तरंगत आहेत. देवघराला दवाखान्याचा वास येतो. बाबा म्हणतात, "आता शुद्ध झालं."

१२ ऑगस्ट

वास गेला. अळ्या परतल्या. मी तांब्या आईपुढे धरला. तिने पाहिले. उठली, नारळ सोलायची कोयती घेतली, विहिरीवर गेली आणि घावावर घाव घालून दोर तोडला. कळशी बुडाली.

बाबा काठी घेऊन धावले. आई वळली. ओठावरचा व्रण पांढरा पडला होता.

"देवाने पहिला अवतार कशाचा घेतला हो? सांगा ना, एवढी पूजा करता!"

बाबांनी काठी खाली घेतली.

"विहिरीत मासे पडेपर्यंत इथे दोर लागणार नाही. लावायला आलात, तर कोयती दोरावर पडते की हातावर, ते मी बघत बसणार नाही."

मला भीती वाटली नाही. त्यांनी हात पुढे करावा, असे वाटत होते. हे फक्त इथे लिहिते.

१४ ऑगस्ट

हफीजा भरदिवसा पुढच्या दाराने आली. "काका, मासे आणल्येत." बाबा ओटीवर बसले होते, त्यांनी मान फिरवली. आईने बरणी घेतली. नवा दोर मी बांधला.

१५ ऑगस्ट

आज देवपूजा आईने केली. त्याच विहिरीच्या पाण्याने. कोयती घंटेशेजारी ठेवली होती.