ओढ्यावरचं दार

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार
आले एकदाचे! समुद्रातून ओढ्यात चढून सॅमन मासे आले. काळपट-लाल पाठी, अंग खरचटलेलं, गोड्या पाण्यात शिरल्यापासून पोटात कण नाही — तरी जोर बघावा! हॅचरीत, माशांची पिल्लं वाढवायच्या या केंद्रात, गाईड होऊन मला सहा वर्षं झाली. दर शनिवारी पोरांना तेच सांगते : इथेच अंड्यातून निघाले, बोटाएवढे असताना समुद्राला गेले, तीन-चार वर्षांनी पाण्याचा वास काढत परत आले. आता अंडी घालायची आणि संपायचं.

माझ्या इलालाही घर सोडून चार वर्षं झाली.

७ ऑक्टोबर
चौथीतली इला सारखी आठवतेय. वर्गातल्या टाकीत पिल्लं वाढवली होती. एप्रिलात ओढ्यात सोडायला नेली, प्रत्येकाच्या हातात कागदी पेला, पेल्यात एक पिल्लू. प्रवासाला निघालेल्याच्या हातावर आपण दही घालतो, तर ही म्हणे, "आई, त्यालाही दे ना! नाहीतर परत कसा येणार?" मी शहाणी! डब्यातलं दही बोटाने पेल्यात सोडलं. टीचर धावत आल्या, पाणी बदललं, हसतहसत मला झापलं. इला मात्र घरी येईपर्यंत "ही विल कम बॅक! ही विल कम बॅक!" तिच्या बाबाला, प्रल्हादला, गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका हसत होता.

ते दिवस परत हवेत मला.

८ ऑक्टोबर
पाऊस. प्रल्हाद इलाशी फोनवर बोलला — गॅरेजमध्ये जाऊन. मला ऐकू येऊ नये म्हणून.

११ ऑक्टोबर, शनिवार
आज लिहूनच टाकते. लग्न आठ दिवसांवर आलं असताना इलाने मोडलं. हॉल ठरलेला, पाहुणे भारतातून येऊन उतरलेले. "आई, मला नाही जमणार गं." आणि मी? "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. या घरात पाऊल टाकू नकोस." बॅग उचलून पोर्टलंडला गेली. मी जागची हलले नाही. हातावर दही घातलं नाही.

आज ओढ्यावर तोबा गर्दी. बंधाऱ्याला लोखंडी दार आहे, आम्ही उघडू तेव्हाच मासे आत येतात. तोवर धडका देत राहतात. आन्या नावाची एक सात वर्षांची मुलगी म्हणाली, "मावशी, व्हॉट इफ यू फर्गेट टू ओपन इट?"
"विसरत नाही गं. कधीकधी माणूस हट्टाने बंद ठेवतं." माझ्या तोंडून मराठीतच निघालं. आवाजही चढला असावा. बाकीचे बघत राहिले.

१४ ऑक्टोबर
फोन हातात घेतला. ठेवला. काय बोलू?

१५ ऑक्टोबर
यंदा किती शाळा आल्या ते मोजायला ऑफिसने पाहुण्यांच्या वह्या दिल्या. सहज जुन्याही चाळल्या. २०२२ च्या ऑक्टोबरात — इला! तिचंच अक्षर. तेविसात, चोविसात, यंदाही. घरापासून दोन मैलांवर यायची आणि परत जायची! आधी तिन्ही वेळा मधल्या वारी, माझा शनिवार चुकवून. यंदाची तारीख ११. म्हणजे मी दाराबद्दल बोलले तेव्हा पोरगी मागे उभी होती.

'कुठून आलात' पुढे चारही वेळा पोर्टलंड नाही. आमच्या घराचा पत्ता.

विरजण लावलंय. येईल, तशी जाईलही — या वेळी हातावर दही घेऊन जाईल. आता फोन.