पेन्सिलीनं लिहिली आहे

ती. बाई,

तुम्ही मंदिरात गेल्या आहात आणि तुमची नात मंगला झोपली आहे, तेवढ्यात लिहिते. माझी पाळी आहे, तेव्हा चिठ्ठी तुम्ही पाणी शिंपडूनच उचलाल. शाई पसरली असती, म्हणून पेन्सिलीनं लिहिली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या तुम्ही सोडल्या, हे मला काल कळलं. स्वयंपाक करता करता पुन्हा घामानं भिजून तुम्ही दारात येऊन बसल्या होतात. गोळ्यांनी अंगाची आग थांबली, पण गेलेली पाळी परत आली आणि चार दिवस मंदिर सुटलं. "सुटली होती ना मी, कायले पुन्हा हे झंझट?" हे तुमचं म्हणणं मला पटतं. तरी सोडायच्या तर डॉक्टरीणबाईंना विचारून सोडा. कॅल्शियमची गोळी मात्र चालू ठेवा, दिवस मावळायच्या आत दुधासोबत.

खरं सांगू? गोळ्या सोडू नये असं वाटतं, त्यात माझाही स्वार्थ आहे. मागच्या महिन्यात आपण दोघी एकाच वेळी बाहेर बसलो. तुमच्या लग्नात वरातीतली घोडी पळाली अन् मामंजी पायी आले, ते सांगून किती हसवलं तुम्ही. ते चार दिवस तुम्ही मला सासू वाटल्याच नाहीत. आता इथं ताट सरकवून जो तो निघून जातो.

गोळ्यांचं तुम्ही ठरवा. मंगलानं झोपायच्या आधी उंबरठ्याच्या तिकडे तुमचा पाट मांडून ठेवला आहे. दोन हात लांब बसा, पण बसा.

अंगुरी