कडेला उभ्या असलेल्या बाईपर्यंत बोट पोहोचत नसल्याबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
जुनी छायाचित्रे विभाग,
शहर अभिलेखागार.

विषय : छायाचित्र क्र. २१७ मधील बायकांची नावे नोंदवताना आपले संकेतस्थळ व मोबाईलचा ब्राउझर यांच्यात होणारी ओढाताण थांबवणेबाबत.

संदर्भ : 'फोटोतली माणसे ओळखा' हे आपले आवाहन, मुदत या महिनाअखेरपर्यंत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी टेलिफोन केंद्रातून निवृत्त झालेली पर्यवेक्षिका असून माझे वय ८१ आहे. क्र. २१७ हा फोटो आमच्या केंद्राचा आहे. त्यात सव्वीस बायका आहेत आणि खाली 'अज्ञात कर्मचारी' असे छापले आहे. या सव्वीसही जणी मला नावानिशी, पाळीनिशी आठवतात. मुदत संपल्यावर 'अज्ञात' हीच नोंद कायम होईल, असे आपण कळवले आहे.

१. फोटो मोठा केला की कडेची माणसे पडद्याबाहेर जातात. मागच्या रांगेत अगदी डाव्या टोकाला आमची चिमणी उभी आहे. तिला आत घ्यायला डाव्या कडेवरून बोट ओढले की ब्राउझरला वाटते, बाईंना मागे जायचे आहे, आणि मी थेट मुखपृष्ठावर, आयुक्तांच्या शुभसंदेशापुढे जाऊन पडते. तो संदेश आता मला पाठ आहे. नात ओरडते, "आजी, कडेला बोट लावू नकोस ना!" तिला म्हटले, "अगं, चिमणी कडेलाच उभी आहे, त्याला मी काय करू? तेव्हाच तिला सांगत होते, मध्ये सरक म्हणून."

२. बोट जरा आतून ओढले, तर संकेतस्थळाला वाटते, आधीचा फोटो हवा आहे. फोटो बदलतो, खालचा रकाना मात्र जुन्या मजकुरासह जागीच राहतो. त्यामुळे गेल्या मंगळवारी मी चिमणीबद्दल लिहिलेले "कामाची पाळी संपली की वेणी सोडून गात गात जिना उतरायची" हे वाक्य क्र. २१६ मधील दिवंगत मुख्य अभियंत्यांच्या नावे जमा झाले. साहेबांना पूर्ण टक्कल होते. माहिती देणाऱ्याचा नंबर आपण खाली छापता, म्हणून त्यांच्या चिरंजीवांचा मला फोन आला. वेणीबद्दल ते काही बोलले नाहीत. "बाबा गायचे, हे घरी आम्हाला कधी कळलंच नाही हो," एवढेच म्हणाले. खरे काय ते सांगताना मलाच चोरट्यासारखे झाले. सदर मजकूर काढावा. मात्र त्यांच्या बाजूने काही घाई नाही.

३. सव्वीस नावे भरून झाली आणि वरपासून तपासायला पान खाली ओढले, की ब्राउझर पान नव्याने आणतो व सगळे पुसतो. असे चार वेळा झाले. या निमित्ताने सगळ्या जणी चार वेळा भेटल्या, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अंगठ्याची आहे.

४. आमच्या केंद्रात एकच कॉल दोघींनी घेतला, तर नंतर आलेलीने "तू घे, मी सोडते" म्हणून हात मागे घ्यायचा, असा नियम होता. दोघींचे काय ते नंतर; बोलणारे माणूस तुटता कामा नये. ब्राउझर फोनमध्ये आधीपासून आहे, संकेतस्थळ नंतर आले. तरी संकेतस्थळाने हात मागे घ्यावा, फोटो सरकवण्यासाठी बाणांची ठसठशीत बटणे द्यावीत, व लिहिलेले लिहिताक्षणी जपून ठेवावे.

५. आपल्या मदतकक्षातील मुलगी फोनवर गोड बोलली, "काकू, दुरुस्तीला सहा महिने लागतील, पण तुम्हाला मुदत वाढवून देऊ." महोदय, कृपया मुदत वाढवू नये. त्या सव्वीस जणींपैकी आता मी आणि चिमणी अशा दोघीच आहोत. ती त्र्याऐंशीची आहे, दिसते कमी, पण रोज सकाळी फोन करून विचारते, "आले का गं मी?" सबब, नावे मी हाताने लिहून जोडली आहेत, दुरुस्ती सावकाश करावी, यादी तेवढी आत्ता घ्यावी. येत्या शुक्रवारी तिला "हो, आलीस" असे सांगता यावे, एवढीच विनंती आहे.

सोबत : नावांची यादी (पाने दोन) व फोटोची प्रत, प्रत्येकीच्या डोक्यावर आकडा घालून.

दिनांक : १९ जून

आपली नम्र, आणि अजून न थकलेली,
(सही)
निवृत्त पर्यवेक्षिका
छायाचित्र क्र. २१७, मधली रांग, उजवीकडून तिसरी