पट्टेवाल्याच्या हातचं आवतण

८ फेब्रुवारी १८६४
लेक शकुनचे लग्न अठराला. व्याही अमरावतीचे, शहरी माणसे. कापसाने घरात पैसा आणला, आता भाषाही सुधारली पाहिजे. दारोदार फिरून 'चूलबंद आवतन हाय, घरी चूल पेटवू नका, या बरं' म्हणणे बंद. पुस्तकी भाषेत चिठ्ठ्या जातील. बायको जमुना म्हणाली, तोंडानं नाही सांगतलं त कोनी येत नाही जी. हिला काय कळते!

१० फेब्रुवारी
मजकूर जमला. 'सदरहू तारखेस सहकुटुंब हजर व्हावे. कसूर होऊ नये.' वा! गावात वाचता येते फक्त मला, पण शोभा ती शोभाच. मेहुणा गोवर्धन हसला. याच्या पोटात काहीतरी आहे.

१२ फेब्रुवारी
अकोटच्या कचेरीतला ओळखीचा चपराशी सरकारी पट्टा लावून दारोदार चिठ्ठ्या मोठ्याने वाचून वाटून गेला. काय रुबाब!

१३ फेब्रुवारी, सकाळ
शेषराव मला पाहून गल्लीत वळला. पार्बताबाईने दार लावले. महादेवराव कापसाची गाडी भरून मामाच्या गावी पळाला. जळतात मेले. गोवर्धनानेच गाव फोडले.

१५ फेब्रुवारी
जमुनेने विहिरीवरून बातमी आणली. पट्टेवाल्याने कागद दिला, म्हणजे कापसावर नवी पट्टी बसणार, बायकापोरांसकट कचेरीत उभे करणार, असे लोक धरून बसलेत. सबब! गोवर्धनाने पढवलेली. जमुना म्हणाली, आता तरी घरोघरी जा. मी? कदापि नाही.

१६ फेब्रुवारी
व्याही भगवंतरावांचा निरोप. खुशालराव, मांडवात तुमचं गावच नसेल तर वरात वेशीवरून माघारी नेऊ. त्यांना कोणी कळवले? गोवर्धन! शकुन कोपऱ्यात बसून रडते आहे. मलाही भरून आले. लगेच दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली, जास्त कडक.

१७ फेब्रुवारी
कट उघडा पडला! जमुना आणि गोवर्धन कुंकू-अक्षता घेऊन दारोदार हिंडताना सापडले. पोरीचं लगन हाय, चूलबंद आवतन, या बरं. माझ्या पाठीमागे!

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ
मांडव तुडुंब. लग्न लागले. माझ्या चिठ्ठ्यांचा असर जरा उशिरा झाला, इतकेच. जमुनेने एकेकाला हाताला धरून पंगतीला बसवले. मी कन्यादानाचा उपाशी, खांबाशी उभा. 'बसा' म्हणायला कोणी आले नाही. आपणहून कसे बसायचे? शेवटची पंगत उठली, भांडी घासायला गेली. गाडीत बसताना शकुनने विचारले, बाबा, जेवले ना जी? हो म्हटले.
लय भूक लागली हाय. कोनी त म्हना, या जेवाले.